आधी आप्पा लोंबकळणार, मग टीव्ही

बीडच्या बाजारपेठेत मला टीव्हीवाले आप्पा म्हणतात. दुकान बंद करून वर्षं लोटली, तरी सकाळी दूध आणायला निघालो की कुणीतरी आडवं येतंच. आप्पा, आमच्या टीव्हीवर मुंग्या यायल्यात, काय करावं? मी सांगतो, टीव्ही बंद करा आणि घरच्यांशी दोन शब्द बोला. लोक हसतात आणि दुसऱ्या मेकॅनिककडं जातात. खरं सांगायचं तर टीव्हीच्या पोटातलं मला बेताचंच कळायचं. मला कळायची ती भिंत. टीव्ही भिंतीवर टांगणं हा माझा धंदा, आणि टांगणाऱ्याला टीव्हीपेक्षा भिंतीची ओळख जास्त लागते. या अंकाच्या संपादकांना वाटलं होतं की मी केबल, चॅनल आणि बदलतं खेडं असं काहीतरी भारदस्त लिहीन. त्यांनी मला माफ करावं. मला भोकं पाडता येतात, तेवढ्यावरच लिहितो.

आमचं घराणं उमापूरचं, वाण्याचं. घरात महादेवाची पूजा आणि दुकानात तराजू, याच्यापलीकडं तिसरं काम आमच्यात कुणी केलं नव्हतं. मी घरातला रेडिओ उघडला त्या दिवशीच वडलांनी ठरवलं की हे पोरगं हातचं गेलं. रेडिओ परत जोडता आला नाही, म्हणून त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असंही मला म्हणता येत नाही.

मग नव्वदच्या पुढं बाजार मोकळा झाला म्हणे. म्हणजे नेमकं काय झालं ते पेपरवाले जाणोत. आमच्या बीडमध्ये एवढंच दिसलं की ज्याच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं त्याच्याही घरात रंगीत टीव्ही आला. आणि टीव्ही रंगीत झाला की त्याला टेबलावर ठेवणं लोकांना हलकेपणाचं वाटायला लागलं. तो भिंतीवर, उंच, छताच्या जवळ पाहिजे. देवाच्या फळीपेक्षा एक वीत वर टीव्ही टांगलेली घरं मी पाहिलीत, आणि टांगणारा मीच होतो.

तेव्हाचा टीव्ही आजच्यासारखा चपटा नव्हता. मागं हे एवढं ढुंगण, आणि सगळं वजन पुढं काचेत. दोघांनी उचलायचा आणि तिसऱ्यानं शिव्या द्यायच्या, तेव्हा तो जिना चढायचा. त्याच्यासाठी रशीदभाई लोखंडी अँगलचा पाळणा करून द्यायचा. रशीदभाई म्हणजे माझा वेल्डर, बोलायला कमी आणि हाताला पक्का. पाळणा त्याचा, भिंत माझी, अशी आमची वाटणी. जुन्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, हातभर जाड. दिसायला किल्ला, आत भुसा. तिथं बोल्ट आरपार घालून पलीकडून लोखंडी पट्टी आवळायची. दगडी भिंतीत सांध्यात भोक पाडायचं नाही, दगडातच पाडायचं, मग ड्रिलचं पातं मोडलं तरी बेहत्तर. विटांची भिंत सगळ्यात गरीब स्वभावाची. फक्त प्लास्टरवर भरवसा ठेवायचा नाही, आत विटेपर्यंत जायचं. मी बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकायचो. लोकांना वाटायचं आप्पाला काहीतरी विद्या येते. मीही त्यांना तसं वाटू द्यायचो.

माझ्या लोंबकळण्याचं नाव झालं ते माझ्या चुलत्यांमुळं. विश्वनाथकाका उमापुरात किराणा चालवायचे आणि जगात कुणावर विश्वास ठेवायचे नाहीत, पुतण्यावर तर नाहीच. त्यांच्या दुकानात अँगल बसवला आणि टीव्ही चढवायला घेतला, तर काकांनी हात धरला. म्हणाले, टीव्ही विकत आणलाय, तू फुकट आलायस, अगोदर तू लोंबकळ. मी संतापलो, पण चुलते पडले. अँगल धरला, पाय वर घेतले आणि लोंबकळलो. गिऱ्हाइकं साखर घ्यायची थांबून बघायला लागली. काकांनी मोठ्यानं दहापर्यंत अंक म्हटले आणि मग मला उतरू दिलं.

आठ दिवसांत ही बातमी गेवराईपर्यंत गेली. जिथं जाईन तिथं लोक म्हणायला लागले, आधी आप्पा लोंबकळणार, मग टीव्ही. मग मीही त्याचे नियम बांधले. दोन्ही पाय अधांतरी पाहिजेत. खालचं स्टूल, खुर्ची बाजूला पाहिजे. दहा अंक घरमालकानं म्हणायचे. एका हेडमास्तरांनी सहापर्यंत म्हटले आणि जमलेल्या पोरांना गुरुत्वाकर्षण समजावून सांगायला लागले. त्यांचा धडा संपेपर्यंत मी वरच. पण माझ्या अँगलवरून टीव्ही पडला असं कुणी दाखवावं. ही माझी इभ्रत होती, आणि ती मी जरा जास्तच मिरवायचो.

लिंबागणेशला एक सलूनवाला होता. त्यानं टीव्ही पार छताला चिकटवून मागितला. मी म्हणालो, माना दुखतील लोकांच्या. तो म्हणाला, तेच तर पाहिजे. गिऱ्हाइक वर बघतं, मान आपोआप ताणली जाते, दाढी झकास होते, वर करा खाली करा सांगायचं काम नाही. मी त्याच्या अकलेला हात जोडले. चतुर्थीला गावात गणपतीच्या दर्शनाला गर्दी आणि नेमकी त्या दिवशी क्रिकेटची मॅच. खुर्चीतल्या पाहुण्यानं सिक्सरला उडी मारली आणि कानाच्या पाळीला वस्तरा लागला. सलूनवाल्यानं दुसऱ्या दिवशी निरोप धाडला की आप्पा, टीव्ही खाली घ्या. मी गेलो तर पाहुणाच आडवा आला. म्हणाला, कान माझा हाय, टीव्ही ऱ्हाऊ द्या.

असे दिवस बरे चालले होते. मग नवं शतक लागलं आणि टीव्ही चपटा झाला. चपटा म्हणजे हलका, असा लोकांचा समज. पहिले आले ते प्लाझ्मा, नुसती काच आणि लोखंड, आणि पन्नास इंची उचलायला पहिलवान नाही तरी दोन धडधाकट माणसं लागायची. इकडं टीव्ही जड राहिला आणि तिकडं भिंती मात्र हलक्या व्हायला लागल्या. पुण्याहून डेकोरेटर यायला लागले आणि त्यांनी पार्टिशनची भिंत आणली.

ती कशी असते ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पातळ पत्र्याचे उभे खांब करायचे, दोन-दोन फुटांवर. पत्रा एवढा पातळ की कात्रीनं कापतात. त्याला दोन्ही अंगांनी जिप्समचा बोर्ड स्क्रूनं आवळायचा. बोर्ड म्हणजे दोन पुठ्ठ्यांत दाबलेला खडू. वरून गुळगुळीत रंग. लांबून भिंत, हात मारला की डबा. ही भिंत वाईट असते असं मी म्हणणार नाही. जिथं वजन टांगायचं तिथं रंगाच्या अगोदर आत जाड प्लायवूड घालून खांबाखांबाला आवळून ठेवलं, तर टीव्ही काय, मीही सुखानं लोंबकळेन. पण ते अगोदर करायचं असतं. आणि आमच्याकडं टीव्हीवाल्याला बोलावतात ते पत्रिका वाटून झाल्यावर.

आष्टीला एक पुढारी आहेत. नाव सांगत नाही, कारण ते अजून आहेत आणि मीही आहे. कधीकाळी सभापती होते. पद गेलं पण साहेब हा शब्द चिकटून राहिला. त्यांनी नवं संपर्क कार्यालय बांधलं आणि त्यात पन्नास इंची प्लाझ्मा आणला. कशाला, तर साहेबांच्या भाषणांच्या सीड्या लावायला. उद्घाटन दुसऱ्या दिवशी अकरा वाजता होतं. साहेब पुढं भाषण करणार आणि मागं टीव्हीवर साहेबच भाषण करणार, आवाज बंद ठेवून. एका साहेबानं लोकांचं भागत नव्हतं बहुतेक.

टीव्हीची जागा ठरलेली होती, दारासमोरच्या पार्टिशनवर. त्या पार्टिशनला पाठ लावून सुलभाताईंचं टेबल आणि खुर्ची. सुलभाताई म्हणजे त्या कार्यालयात खरोखर काम करणारं एकमेव माणूस. वय चाळिशीचं, घरी सासू आणि दोन मुली, आणि घर त्यांच्या या पगारावर. उसाच्या तोडीला निघालेल्यांची रेशनकार्डं, दाखले, अर्ज, सगळं त्याच लिहायच्या आणि साहेब सही करायचे. म्हणजे टीव्ही लागणार तो बरोबर त्यांच्या डोक्यावर. मी त्यांच्यासमोरच भिंत ठोकली. ढब आवाज आला.

अशा भिंतीत पत्र्याचे खांब शोधायला माझ्याकडं जुन्या स्पीकरचा लोहचुंबक होता, दोऱ्याला बांधलेला. भिंतीवरून फिरवला की आत स्क्रू असेल तिथं तो चिकटतो आणि उभी ओळ सापडते. एक ओळ सापडली. दुसरी दोन फुटांवर पाहिजे होती, ती सापडली पार तीन फुटांच्या पुढं. ठेकेदारानं खांब खाल्ला होता. माझ्या ब्रॅकेटची डावी बाजू पत्र्यावर यायची आणि उजवी नुसत्या खडूवर. प्लायवूडचं विचारलं तर पुण्याचा डेकोरेटर, चष्मा कपाळावर सरकवून, म्हणाला की ही स्टँडर्ड सिस्टीम आहे, शंभर किलो घेते. कुठल्या भिंतीनं घेतले होते शंभर किलो, ते त्याला सांगता येईना.

मी साहेबांना नीट समजावलं. बोर्ड उघडू, आत प्लायवूड घालू, दोन दिवस द्या. दोन दिवस नव्हते. मग म्हणालो, समोरची भिंत विटांची आहे, पक्की आहे, तिथं तासाभरात लावतो. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. त्या भिंतीवर साहेबांचा फोटो होता, पुरुषभर उंच, हात जोडलेला. फ्रेम हलकी, एका माणसानं उचलावी अशी, आणि तिला आठ बोल्ट मारलेले. फोटो हलवायचा म्हणजे साहेबांनाच हलवायचं, आणि ते बोलायला तिथं कुणाला तोंड नव्हतं. मलाही नव्हतं. एवढी वर्षं गावगाड्यात काम केलेलं माणूस मी, फोटो आणि टीव्हीची अदलाबदल करा असं एक वाक्य माझ्या जिभेवर आलं आणि तिथंच बसलं.

मग जमेल तेवढं केलं. डाव्या बाजूला पत्र्यात भोकं पाडून आत जाऊन पंख उघडणारे बोल्ट घातले. उजव्या बाजूलाही तेच, पण तिथं पंखांनी धरायचं काय, तर खडू. ब्रॅकेट बसला. दिसायला एकदम झकास. मी पाने-पकडी आवरायला लागलो, तर साहेब पाच-पन्नास कार्यकर्त्यांना घेऊन आत आले.

"लोंबकळा की, आप्पा. लोकं बघायला आल्यात."

मी म्हणालो, साहेब, वय झालं आता. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, आप्पा घाबरला बे. ते मला लागलं. सुलभाताई आपल्या वह्या छातीशी धरून भिंतीच्या कडेला उभ्या होत्या. मी टेबलामागं गेलो, त्यांच्या खुर्चीवर चढलो आणि ब्रॅकेट धरला. आता खुर्ची बाजूला करायला सांगायची, हा माझाच नियम. मी सांगितलं नाही. एक पाय वर घेतला आणि दुसऱ्याचा अंगठा खुर्चीवर तसाच ठेवला. पुढून बघणाऱ्यांना टेबल आडवं होतं, त्यांना मी गुडघ्यापासून वर दिसत होतो. साहेबांनी दहा अंक म्हटले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी लोंबकळलो नाही आणि टाळ्या मात्र सगळ्यात जास्त पडल्या.

टीव्ही चढवला. चालू केला, रंग बघितले. मी निघालो तेव्हा सुलभाताईंनी खुर्ची पुसली आणि मला विचारलं, "आप्पा, बसू ना मी इथं?"

मी म्हणालो, "बसा की."

बीडला परत आलो. जेवण गेलं नाही. बायकोनं दोनदा विचारलं काय झालं, तिला म्हणालो ऊन लागलं. डोळ्यांसमोर टीव्ही नव्हता, खुर्ची होती. सकाळची एस.टी. धरली. बायकोला सांगितलं की साहेबांनी आग्रहानं बोलावलंय. एकदा खोटं सुरू झालं की त्याला जोडीदार लागतात.

आष्टीत पोचेपर्यंत कार्यक्रम सुरू झाला होता. हॉल खचाखच भरलेला. साहेब माईकसमोर, मागं टीव्हीवर साहेब. आणि टीव्हीच्या उजव्या कोपऱ्यावर एक हार अडकवलेला. असा तसा हार नाही. साहेबांना घालायला आणलेला, झेंडू आणि गुलाबाचा, चार माणसांनी उचलून आणायचा हार. साहेबांनी गळ्यात घेऊन फोटो काढला आणि मग तो ठेवायचा कुठं, तर कुणा हुशारानं तो टीव्हीलाच घातला, कारण टीव्हीतही साहेबच होते. खडूवर लावलेल्या बाजूला आणखी वीस-पंचवीस किलो फुलं. मी दारातूनच पाहिलं, ब्रॅकेट उजवीकडं दोन बोटं सुटला होता आणि भिंतीच्या रंगाला वरून खाली चीर गेली होती. आणि खाली सुलभाताई, मान घालून पाहुण्यांची नावं वहीत लिहीत होत्या.

मी गर्दीतून वाट काढत टेबलामागं गेलो आणि दोन्ही हात वर करून टीव्ही खालून धरला. वजन हातात आल्याबरोबर कळलं की उजवी बाजू आता जवळजवळ माझ्याच जिवावर आहे. जवळच्या कार्यकर्त्याला हळूच म्हणालो, हार काढ. तो म्हणाला, साहेबांचं भाषण चालू हाय, मधीच हार कसा काढायचा, दिसतं का ते. सुलभाताईंना म्हणालो, ताई, उठा इथून. त्यांनी वर बघितलं, माझे हात बघितले, चीर बघितली. मग पुटपुटल्या की साहेबांनी सांगितलंय, जागा सोडायची न्हाई, उशिरा येणाऱ्यांची नावं राहतात.

आता सरळ होतं. एक आरोळी मारली असती, साहेब, टीव्ही पडतोय, थांबा, तर अर्ध्या मिनिटात सगळं निभावलं असतं. फार तर लोक हसले असते आणि माझी अब्रू गेली असती. ती आरोळी न मारता मी अर्धा तास तो टीव्ही धरून उभा राहिलो. दंड थरथरायला लागले. घाम डोळ्यांत गेला. वर साहेब आवाज न करता पाणी आणणार होते, पुढं साहेब रस्ते आणणार होते, आणि दोघांच्या मधे मी. खाली सुलभाताईंचं पेन चालूच. त्यांची वेणी आणि टीव्हीची कड यांच्यात हातभर अंतर होतं, ते मी अर्धा तास बघत होतो.

त्यात साहेबांचं लक्ष माझ्याकडं गेलं. त्यांनी माईकवर सांगितलं की बघा, आमचे आप्पा, बीडहून आले, टीव्ही नीट दिसावा म्हणून हातानं धरून उभे आहेत, याला म्हणतात निष्ठा. लगेच सत्काराची सूचना. आमच्याकडं सत्कार करायला कारण लागत नाही, शाल आणि नारळ शिल्लक असले म्हणजे झालं. एकानं माझ्या खांद्यावर शाल टाकली. दुसऱ्यानं नारळ पुढं केला. माझे हात वर. तो थांबला, मी थांबलो, फोटोवाला थांबला. शेवटी त्यानं नारळ सुलभाताईंच्या वहीवर ठेवला आणि फोटो निघाला. तो फोटो माझ्याकडं आहे. बायकोनं फ्रेम करू या म्हटलं होतं. मी ट्रंकेत टाकला.

भाषण संपलं, माणसं बुंदीकडं पळाली. दोघांना हाक मारून आधी हार काढला, सुलभाताईंना उठवलं, मग टीव्ही उतरवला. मी ब्रॅकेटला नुसता हात लावला तर उजवी बाजू बोर्डाच्या तुकड्यासकट हातात आली, पापडासारखी. वहीवर पांढरा चुरा पडला. साहेब तिथंच होते. त्यांना खरंच कळेना. काल तर लोंबकळला होता की तुमी, ते म्हणाले.

"न्हाई, साहेब. पाय खुर्चीवर होता."

मला वाटलं आता भडकतील. ते भडकले नाहीत. म्हणाले, "मग काल बोलायचं न्हाई का, आप्पा? मी काय तुमाला खाल्लं असतं?" आणि ते जेवायला गेले. वाईट याचं वाटतं की ते खरं बोलले. बोललो असतो तर कदाचित फोटो उतरला असता, कदाचित नसता. मी विचारलंच नव्हतं. पुढाऱ्यांना नावं ठेवायची आम्हाला लई हौस, पण त्या दिवशी साहेबांनी मला एकदाही खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. ते काम मी स्वखुशीनं केलं होतं.

हॉलमध्ये मी आणि सुलभाताईच उरलो. त्या पदरानं वहीवरचा चुरा झटकत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मला दिसलं होतं काल. माझ्याच खुर्चीवर होता की अंगठा."

दिसलं होतं, तरी या बाईंनी मला विचारलं, बसू ना मी इथं. आणि मी म्हणालो, बसा.

"मग ताई, बोलल्या कावून न्हाईत?"

"तुमच्या हातात हुन्नर हाय. साहेब रागावले तर तुमी एस.टी. धरून बीडला जाताल. तरी तुमच्या तोंडातून शब्द निघाला न्हाई." त्यांनी वही मिटली. "मला तर रोज इथंच बसायचंय, आप्पा."

मी शाल घडी करून टेबलावर ठेवली आणि जमिनीवरचे बोल्ट वेचायला लागलो. पंधरा दिवसांनी रशीदभाईनं लोखंडी नळ्यांची चौकट करून दिली, थेट फरशीवर उभी राहणारी, आणि तो टीव्ही भिंतीच्या उपकाराशिवाय उभा राहिला. त्याच्यापुढं मी बरीच वर्षं धंदा केला. पण कुठंही गेलो की भिंत ठोकायच्या आधी एक विचारायचो, खाली बसणार कोण? मालक गोंधळायचे. बहुतेक ठिकाणी त्या माणसाला आतून बोलावून आणावं लागायचं.